परतीचे दोर : मराठी साहित्यातील कडा आणि चढाई

१

बेंगळुरूच्या पश्चिमेस पन्नास-साठ किलोमीटरांवर, मागडी तालुक्यात, सावनदुर्ग हा ग्रॅनाइटचा प्रचंड डोंगर उभा आहे. समुद्रसपाटीपासून १२२६ मीटर उंचीचा हा डोंगर म्हणजे जवळजवळ एकसंध कातळच होय. त्याच्या दोन शिखरांना कन्नडमध्ये करीगुड्ड आणि बिळीगुड्ड, म्हणजे काळा डोंगर आणि पांढरा डोंगर, अशी नावे आहेत. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला डोंगर म्हटला की माची, पठार, घळ, कारवीचे रान असे टप्पे अपेक्षित असतात. सावनदुर्गावर तसे टप्पे जवळजवळ नाहीत. उघडा कातळ एकदा सुरू झाला की तो माथ्यापर्यंत क्वचितच थांबतो. चढताना नजर समोरच्या दगडावर खिळलेली असते, त्यामुळे भीतीला फारशी जागा मिळत नाही. उतरताना मात्र तोच कातळ डोळ्यांपुढे रिकामा पसरतो आणि सकाळी हसत वर गेलेली माणसे दुपारी बसत, हातांचा आधार घेत खाली येताना दिसतात.

हा दुर्ग एके काळी अजिंक्य समजला जात असे. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात, काही दिवसांच्या तोफांच्या माऱ्यानंतर, २१ डिसेंबर १७९१ रोजी लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या फौजेने तो भर दिवसा, तासाभराच्या आत आणि स्वतःचा एकही माणूस न गमावता घेतला. त्या युद्धात मराठे इंग्रजांचे दोस्त होते. परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके हे मराठी फौजांचे सेनापती म्हैसूरच्या मोहिमेवर होते. मेजर डिरोम याचा या मोहिमेचा वृत्तान्त १७९३ साली प्रसिद्ध झाला आणि रॉबर्ट होम याच्या १७९४ च्या चित्रसंग्रहाने म्हैसूरचे डोंगरी किल्ले विलायतेतील वाचकांपुढे नेले. म्हणजे सावनदुर्ग ग्रंथात आणि चित्रात शिरला तो मुख्यतः ‘घेतलेला’ डोंगर म्हणून.

येथे एका मराठी शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. ‘चढाई’ हा तो शब्द. डोंगर चढण्याच्या क्रियेला आपण चढाई म्हणतो आणि शत्रूवर चालून जाण्यालाही चढाईच म्हणतो. गिर्यारोहकांच्या उपक्रमाला ‘मोहीम’ म्हणतो, शिखरावर पोचण्याला ‘शिखर सर करणे’ म्हणतो. हे सारे शब्द किल्ल्यांच्या लढायांतून आले आहेत. ते वापरताना आपण नकळत असे गृहीत धरतो की माथ्यावर कोणीतरी प्रतिपक्ष उभा आहे आणि त्याला हरवले की काम संपले. डोंगरावर मात्र माथा गाठल्यावर निम्मेच काम झालेले असते.

या लेखाचे निमित्त एक हस्तलिखित आहे. बेंगळुरूत नोकरीस असलेल्या एका मराठी तरुणाने काही वर्षांपूर्वी लिंगाण्याच्या एका दिवसाच्या चढाईचे वर्णन लिहून माझ्याकडे अभिप्रायासाठी आणून दिले होते. तोरणा आणि रायगड यांच्या दरम्यान उभा असलेला लिंगाणा हा सह्याद्रीतील अवघड सुळक्यांपैकी एक होय. घाटावरील मोहरीच्या बाजूने बोराट्याच्या नाळेने उतरून त्याच्या खिंडीत यावे लागते आणि तेथून पुढे दोराच्या साहाय्याने चढावे लागते. पहाटे अंधारात निघायचे आणि त्याच दिवशी परत यायचे, असा अनेकांचा प्रघात आहे. ते हस्तलिखित मी तपासले आणि त्यात एक चूक केली. ती चूक एकट्या माझी नव्हती. मराठी साहित्यविचाराची एक जुनी सवय माझ्या हातून तेथे काम करीत होती. त्या सवयीचे मूळ शोधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

मराठी मनातील कड्याची प्रतिमा घडली ती सिंहगडाच्या प्रसंगाने. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे कोंढाण्याचा कडा चढून गेले. या प्रसंगाचे जुने गद्य वर्णन कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत मिळते. ही बखर सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, म्हणजे सह्याद्रीपासून शेकडो कोस दूर बसून लिहिली गेली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. दूरदेशी बसलेला लेखक आपल्या डोंगराविषयी लिहिताना पुष्कळदा भाबडा होतो. सभासद तसा होत नाही. दोन निवडक मावळे आधी वर जातात, त्यांच्या चपळाईला तो वानरांची उपमा देतो, मग माळ लावून तीनशे माणसे चढतात. एवढ्यात कड्याचे वर्णन संपते. घोरपड तेथे नाही, दोर कापण्याचा प्रसंगही नाही. तानाजी पडल्यावर सूर्याजी लोकांना सावरतो, गड हाती येतो, आग लावून राजगडास खूण केली जाते. राजाच्या शोकाचे वर्णनही हिशेबाच्या भाषेत येते : एक गड मिळवताना दुसरा गेला. बखरकाराच्या गद्यात मोलाची जाणीव आहे, मात्र कड्याच्या अंगाखांद्यावरचा अनुभव नाही. त्याला त्याची गरजही नव्हती, कारण त्याच्या कथनाचा विषय राज्य हा होता.

कड्याला खरी जागा दिली ती शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्याने. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली ऐतिहासिक पोवाड्यांचा जो संग्रह प्रसिद्ध केला, त्याने ही परंपरा मुद्रित रूपात वाचकांच्या हाती आली. या पोवाड्यात घोरपड अवतरते. इतिहाससंशोधकांनी घोरपडीच्या शक्याशक्यतेवर पुष्कळ शाई खर्च केली आहे. साहित्याच्या अभ्यासकापुढचा प्रश्न निराळा आहे. शाहिराला घोरपड का लागली? पोवाड्यातील घोरपड सरळ वर जात नाही. ती अर्ध्यातून मागे फिरते आणि तानाजीने धमकावल्यावर पुन्हा कड्याला भिडते. कड्याखाली उभ्या असलेल्या कोणाही माणसाच्या मनात जे येते, परत फिरावे असे जे वाटते, ते वीराच्या मनात आलेले दाखवण्याची सोय पोवाड्याच्या संकेतांत नव्हती. म्हणून शाहिराने ते घोरपडीच्या अंगी घातले. भय नाकारले गेले नाही. ते एका मुक्या जिवाकडे सोपवले गेले. लोकप्रतिभेची ही युक्ती मला फार सूक्ष्म वाटते. पुढील गद्याने घोरपड ठेवली, तिचे मागे फिरणे मात्र विसरले.

तिसरी पायरी दोर कापण्याची. ग्रँट डफच्या १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात, पळू लागलेल्या मावळ्यांना सूर्याजी दोर नष्ट केल्याचे सांगून परत फिरवतो, असे वर्णन आहे. हरि नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीने तानाजीची कथा मराठी मध्यमवर्गाच्या घरात नेली. पाठ्यपुस्तके, नाटके, चित्रपट यांनी ती पक्की केली. आज ‘परतीचे दोर कापणे’ हा वाक्प्रचार निर्धाराचा पर्याय म्हणून आपण निवडणुकीपासून नोकरीच्या राजीनाम्यापर्यंत कोठेही वापरतो.

युद्धाच्या संदर्भात या प्रतिमेला अर्थ आहे. मागे वळण्याचा मार्ग उरला नाही की माणूस पुढे लढतो. हीच प्रतिमा डोंगर चढण्याच्या अनुभवावर ठेवली की अर्थाचा अनर्थ होतो. ज्याच्या परतीचा दोर कापला गेला, त्या गिर्यारोहकाला वीर म्हणता येत नाही. तो संकटात सापडलेला माणूस असतो. त्याच्या साऱ्या विद्येचा रोख परतीचा दोर शाबूत ठेवण्यावर असतो. मराठीत डोंगराविषयी लिहिणाऱ्यासमोर म्हणून प्रथमपासूनच एक अडचण उभी राहिली : त्याच्या हाती आलेली भाषा परत न येण्याचा गौरव करणारी होती आणि त्याचा अनुभव परत येण्याचा होता.

३

एका दिवसाची चढाई हा साहित्यरूपाच्या दृष्टीने स्वतंत्र विचाराचा विषय आहे. महिना-दोन महिने चालणाऱ्या मोहिमेच्या वर्णनात तयारी, तळ, हवामान, माणसांचे स्वभाव यांना विस्तार मिळतो. एका दिवसाच्या चढाईला तो नसतो. तिची सुरुवात अंधारात होते आणि शेवट अंधाराच्या आत व्हावा लागतो. दुपार कलताना माथा कितीही जवळ दिसत असला तरी मागे फिरायचे की नाही, हा निर्णय तिच्या केंद्रस्थानी असतो. सूर्याच्या एका फेऱ्यात घटना आटोपावी असे ॲरिस्टॉटलने शोकांतिकेविषयी निरीक्षण नोंदवले आहे. या चढाईवर ते बंधन निसर्गच घालतो. तिच्या कथनाला म्हणूनच शोकांतिकेसारखी घट्ट बांधणी येऊ शकते. मात्र त्यासाठी कथनाची कमान पूर्ण व्हावी लागते : चढ, माथा आणि उतार.

पाश्चात्त्य परंपरेत या रूपाचा आदिनमुना म्हणून पेत्रार्कच्या पत्राचा निर्देश होतो. २६ एप्रिल १३३६ रोजी आपण भावासह प्रोव्हान्समधील व्हाँतू हा डोंगर चढलो, असे तो लिहितो. या डोंगराची उंची सुमारे १९१० मीटर आहे. माथ्यावर तो संत ऑगस्टीनचा ग्रंथ उघडतो, डोंगर पाहून थक्क होणारी माणसे स्वतःकडे पाहायला विसरतात अशा आशयाचा मजकूर त्याला तेथे भेटतो आणि मग तळाशी पोचेपर्यंत तो एक शब्दही बोलत नाही. पत्र त्याच संध्याकाळी लिहिल्याचा आविर्भाव आहे. प्रत्यक्षात ते १३५३ च्या सुमारास रचले गेले असावे, असे आधुनिक संशोधकांचे मत आहे. म्हणजे अनुभव एका दिवसाचा, रचना पुष्कळ वर्षांच्या मननाची. या पत्राचा सर्वांत महत्त्वाचा भाग मला उतरतानाचे ते मौन वाटते. माथ्यावर जे कळले ते मुरते उतरताना.

दुसरे उदाहरण एडवर्ड व्हिम्परचे. १४ जुलै १८६५ रोजी मॅटरहॉर्न या ४४७८ मीटर उंचीच्या शिखरावर सात जण पोचले. उतरताना एकाचा पाय घसरला, दोर तुटला आणि चार जण मृत्युमुखी पडले. व्हिम्परचे पुस्तक १८७१ साली निघाले. त्या पुस्तकाचे सारे वजन माथ्यावरील आनंदावर नाही. तुटलेल्या दोरावर आणि वाचलेल्या तिघांच्या उतरण्यावर आहे. पाश्चात्त्य गिर्यारोहणसाहित्य पुढे प्रौढ झाले त्याचे एक कारण, माझ्या मते, हे आहे की आपल्या उमेदीच्या काळातच त्याला उताराविषयी लिहावे लागले.

मराठीत अशी कमान पूर्ण करणारी कथा नाहीच, असे म्हणण्याचा मोह होईल. ते खरे नाही. ती आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे. आपण तिला चढाईच्या कथांत कधी मोजले नाही, इतकेच.

४

हिरकणीची कथा सर्वांना ठाऊक आहे. रायगडावर दूध घालायला आलेली गवळण कोजागिरीच्या दिवशी उशीर झाल्याने वर अडकते. दिवस मावळताच दरवाजे बंद होतात, ते राजाज्ञेशिवाय उघडत नाहीत. खाली घरी तान्हे मूल आहे. ती अंधारात कडा उतरून जाते. महाराजांना हे कळते. ते तिचा गौरव करतात आणि त्या जागी बुरूज बांधवतात. ही कथा लोकपरंपरेची आहे, तिला समकालीन कागदाचा आधार नाही. पायथ्याला हिरकणीवाडी आहे आणि वर हिरकणी बुरूज आहे. या दोहोंमधील कड्यात ही कथा वसली आहे.

हिच्याकडे कथनरूप म्हणून पाहिले तर काही गोष्टी नजरेत भरतात. पहिली, ही उतरण्याची कथा आहे. मराठी लोकमानसाने कड्यावरच्या ज्या दोन कृत्यांना सर्वाधिक जपले, त्यांतील एक चढण्याचे आहे आणि दुसरे उतरण्याचे. पहिल्यात परतीचा मार्ग नष्ट होतो, दुसऱ्यात परत जाणे हाच सारा हेतू आहे. दुसरी, तिचा काळ एका दिवसाचा आहे. सकाळी वर जाणे आणि दिवस मावळण्यापूर्वी खाली येणे हा हिरकणीचा नित्यक्रम होता. तो एका संध्याकाळी मोडला आणि तिने तो कड्यावरून पुरा केला. तिसरी, तिला साक्षीदार नाही. सिंहगडावर तीनशे माणसे होती, राजगडावरून राजा आगीची वाट पाहत होता. हिरकणीच्या उतरण्याची खबर दुसऱ्या दिवशी लागते. तिच्या कृत्यात कोणाला काही दाखवून देण्याचा अंशही नाही.

चौथी गोष्ट अधिक बोचरी आहे. तिच्या कृत्याचे स्मारक म्हणून जो बुरूज बांधला जातो, तो त्या वाटेने पुन्हा कोणी येऊ-जाऊ नये म्हणूनही असतो. गौरव आणि अटकाव एकाच चिऱ्यात बसवले आहेत. हे शब्दशः घडले की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला तरी, कथेने ते ज्या सहजतेने एकत्र आणले आहे त्यात लोककथेचे शहाणपण दिसते. आणि नेमके हेच मराठी लेखनातही घडले. हिरकणीला आपण मातृत्वाचे प्रतीक केले. राज्य परिवहन महामंडळाच्या गाड्यांना तिचे नाव मिळाले, स्तनदा मातांसाठीच्या खोल्यांना हिरकणी कक्ष म्हणतात, २०१९ साली तिच्यावर चित्रपट निघाला. हे सारे उचितच आहे. तथापि प्रतीकाचा बुरूज उभा राहिला आणि कड्यावरची वाट त्याआड गेली. पहिल्या खोबणीत पाय टाकताना तिला काय दिसले असेल, खाली न पाहता पाऊल कोठे पडेल हे तिने कसे ओळखले असेल, हे प्रश्न आपण तिला विचारलेच नाहीत. आईचे प्रेम म्हटले की साऱ्याचे उत्तर मिळाले, असे आपण धरून चाललो. दर दिवशी दुधाचे भांडे घेऊन गड चढणाऱ्या-उतरणाऱ्या बाईला त्या डोंगराचे पायांनी मिळवलेले ज्ञान होते, ही साधी गोष्ट आपल्या भावविवश वाचनात हरवली.

५

कष्टकऱ्याचे डोंगराविषयीचे ज्ञान मराठी गद्यात गांभीर्याने आणण्याचे श्रेय गो. नी. दांडेकर यांच्याकडे जाते. ‘स्मरणगाथा’ या त्यांच्या ग्रंथास १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या दुर्गलेखनाने पिढ्यान् पिढ्यांना किल्ल्यांवर नेले. त्या लेखनात इतिहासभक्ती आहे आणि तिच्या मर्यादाही आहेत. प्रत्येक दगडाशी हात जोडणारा निवेदक कधी कधी वाचकाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहू देत नाही. तथापि ‘माचीवरला बुधा’ आणि ‘जैत रे जैत’ या कादंबऱ्यांत दांडेकर इतिहास खाली ठेवतात आणि डोंगरात राहणाऱ्या माणसाकडे वळतात.

‘जैत रे जैत’ची कथा जब्बार पटेल यांच्या १९७७ च्या चित्रपटामुळे सर्वपरिचित झाली. ठाकर जमातीतील नाग्याला पुण्यवंत होऊन राणीमाशीचे दर्शन घ्यायचे आहे. लिंगोबाच्या डोंगराच्या कड्यावर आग्या मोहोळे लटकली आहेत. माशा त्याच्यावर तुटून पडतात, तो एक डोळा गमावतो आणि त्या मोहोळांविरुद्ध त्याची ईर्ष्या पेटते. चिंधी त्याच्या पाठीशी उभी राहते. अखेर मोहोळे उतरतात. पण चित्रपटाच्या शेवटी त्या विजयाच्या क्षणी चिंधी माशांच्या दंशाने मरण पावते.

या कथेचे नावच ‘जैत’, म्हणजे विजय. मराठी चढाईची सारी मूल्यव्यवस्था त्या एका शब्दात आली आहे आणि कथा तिच्याकडून हिशेब मागते. नाग्याचा प्रतिपक्ष कड्यावर खराच आहे. तो त्याच्यावर चालून जातो, त्याला हरवतो. सिंहगडाचा आकृतिबंध येथे पुन्हा उभा राहतो : लक्ष्य हाती आले आणि प्रियजन गेले. फरक असा की येथे त्या मृत्यूला राज्याच्या इतिहासात जागा नाही. तिच्या मरणाने कोणताही किल्ला पावन होत नाही. नाग्याला डोंगर उतरून त्या मृत्यूपाशी यावे लागते, आणि जैतचा जयघोष ऐकताना वाचक वा प्रेक्षक अस्वस्थ होतो. पुण्य मिळवायला निघालेला माणूस ईर्ष्येने कडा चढला तर त्याला काय मिळते, हा प्रश्न कथा विचारते आणि त्याचे सोपे उत्तर देत नाही.

भयाचे स्थानही येथे बदलले आहे. पोवाड्यात ते घोरपडीकडे होते. येथे ते माणसाच्या स्वतःच्या शरीरावर, गमावलेल्या डोळ्याच्या रूपाने, कायमचे उमटले आहे. कड्याने आपली किंमत वसूल केली आहे आणि ती नायकाच्या चेहऱ्यावर दिसते. मराठी कथनपरंपरेत हे पाऊल मोठे आहे. दांडेकरांच्या दुर्गग्रंथांनी जितके अनुकरण घडवले, तितके या कथेने घडवले नाही, ही मात्र खेदाची बाब होय. आपल्या हौशी दुर्गलेखकांनी दांडेकरांचे हात जोडणे उचलले, त्यांचा हिशेब उचलला नाही.

६

गेल्या काही दशकांत मराठी माणसाचे गिर्यारोहण फार पुढे गेले आहे. सुरेंद्र चव्हाण १९९८ साली एव्हरेस्टवर पोचले. मे २०१२ मध्ये पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ या संस्थेच्या मोहिमेने त्याच शिखरावर आठ जणांना पोचवले. सह्याद्रीत तर दर रविवारी शेकडो तरुण कडे आणि सुळके धुंडाळीत असतात. या अनुभवाचे लेखन स्मरणिका, नियतकालिके, पुस्तके यांतून विपुल झाले आहे. त्यातील बराच भाग वाचताना एक साचा जाणवतो : पहाटेचे निघणे, गडाचा इतिहास, अवघड टप्पा, माथ्यावरचा जयघोष. उतरणे एका वाक्यात आटोपते. ‘जड अंतःकरणाने आम्ही गडाचा निरोप घेतला’ अशा तऱ्हेचे ते वाक्य असते. जड अंतःकरण येते, थकलेले गुडघे येत नाहीत.

आणि तरीही याच मंडळींच्या बोलण्यात एक असा शब्द रूढ झाला आहे, ज्याचे मोल मराठी साहित्यविचाराने ओळखले पाहिजे. ज्या टप्प्यावर एका वा दोन्ही बाजूंना खोल दरी उघडी पडते, तेथे ‘दृष्टिभय’ आहे असे ते म्हणतात. इंग्रजीत अशा जागेसाठी जो शब्द आहे तो जागेचे उघडेपण सांगतो. मराठी शब्द चढणाऱ्याच्या डोळ्यांतील भय सांगतो. वाट पायापुरती पुरेशी असते, पाय ठेवायला कातळ भक्कम असतो, तरी डोळा घाबरतो. अशा टप्प्यावर माणसाला आपल्या पायांवर विश्वास ठेवायला शिकावे लागते आणि डोळ्यांना समजवावे लागते. ‘चढाई’ हा शब्द प्रतिपक्षाकडे बोट दाखवतो. ‘दृष्टिभय’ हा शब्द स्वतःकडे. एक शब्द लढायांनी दिला, दुसरा अनुभवाने. पेत्रार्कला ज्यासाठी एक ग्रंथ उघडावा लागला, ते अंतर्मुख होणे या एका सामासिक शब्दात सामावले आहे. ज्या भाषेने तो घडवला, तिला भयाविषयी प्रांजळपणे लिहिता येणार नाही असे मानण्याचे कारण नाही. बोलीत जे साधले आहे, ते लेखनात अद्याप पुरेसे उतरलेले नाही, इतकेच.

आता त्या हस्तलिखिताकडे येतो. त्या तरुणाने लिंगाण्याच्या माथ्यावरून समोर दिसणाऱ्या रायगडाचे वर्णन केले होते आणि ते चांगले होते. मी ते वाखाणले. त्यानंतर दोन पानांचा मजकूर उतरण्याविषयी होता. दुपार उलटली होती, वारा सुटला होता, दोरावर आपले वजन सोपवण्याच्या क्षणी त्याचे हात थरथरू लागले, एका कपारीत तो बराच वेळ बसून राहिला. बरोबरच्या अनुभवी सोबत्याने काही न बोलता त्याच्या कमरेची गाठ पुन्हा तपासली आणि पहिले पाऊल कोठे टाकायचे ते हाताने दाखवले. असा तो मजकूर होता. मी समासात ‘पाल्हाळ’ असे लिहिले आणि पाने कमी करण्याची सूचना दिली. लेख माथ्यावर, रायगडाच्या दर्शनापाशी संपावा, असेही सुचवले. त्याने तसे केले. लेख नेटका झाला आणि इतर शंभर लेखांसारखा झाला.

साहित्याचा अभ्यास करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने हे करावे, याचा मला पुढे बराच विषाद वाटला. मी त्या लेखाच्या परतीचे दोर कापले होते. जी दोन पाने मी काढायला लावली त्यांत पोवाड्यातील घोरपडीचे मागे फिरणे होते, हिरकणीचा अंधारातला कडा होता. आणि भित्र्या माणसाला न हिणवता त्याची गाठ तपासणारा जो सोबती तेथे होता, त्याच्यासारखे माणूस आपल्या वीरकथांत मला आठवत नाही. तो मजकूर अनघड होता हे खरे. परंतु अनघड आणि अनावश्यक यांतला भेद ओळखणे हेच समीक्षकाचे काम असते.

हा प्रश्न केवळ अभिरुचीचा असता तर त्याचा इतका विस्तार केला नसता. डोंगरावर जाणारा तरुण आपल्या आधी गेलेल्यांचे लेखन वाचून जातो. त्या लेखनात मागे फिरणे हा कमीपणा असेल, भयाचा उच्चार नसेल, उतरणे एका वाक्याचे असेल, तर तो तीच मूल्ये घेऊन कड्याला भिडतो. माथा हाताच्या अंतरावर असताना मागे फिरण्याचे धैर्य त्याला कोठून यावे? अपघातांची कारणे अनेक असतात आणि त्यांचा दोष साहित्यावर टाकणे अन्यायाचे होईल. तरीही भाषा माणसाला काही गोष्टी करायला शिकवते आणि काही गोष्टींची लाज बाळगायला शिकवते, हे नाकारता येणार नाही.

मराठीतील डोंगराच्या लेखनाने तानाजीला विसरावे असे कोणी म्हणणार नाही. त्या रात्रीचे मोल वादातीत आहे. मागणी एवढीच की त्या कड्याच्या शेजारी दुसरा कडाही वाचला जावा. लिंगाण्याच्या माथ्यावरून रायगड दिसतो, आणि त्याच गडावरून एक बाई आपल्या मुलासाठी खाली उतरली, असे आपली लोककथा सांगते. त्या तरुणास मी अलीकडे पत्र लिहून ती दोन पाने परत मागवली आहेत. ती आली तर त्यांतील एकही ओळ मी कापणार नाही. फार तर त्यांची गाठ पुन्हा तपासून देईन.